अकराव्या फरशीच्या पुढे

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, हे वाक्य मी तेवीस वर्षं नववीच्या वर्गात शिकवत आलोय. पोरांच्या डोक्यात ते शिरत नाही, म्हणून मी फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी म्हण सांगतो: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोरं हसतात. त्यांतल्या निम्म्यांनी आड पाहिलेला नसतो आणि पोहरा तर कुणीच नाही. पण म्हण लक्षात राहते आणि परीक्षेत दोन मार्क मिळतात. या मे महिन्यापर्यंत मला त्या म्हणीत हसण्यासारखंच सगळं दिसायचं.

त्या सुट्टीत मी जळगावहून गावी गेलो तो दोन कामं घेऊन. आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. पहिलं काम हौसेचं होतं. जूनमध्ये वर्गात दाखवायला मी एक गाडी बनवली होती. प्लायवूडची फळी, जुन्या सीडींची चार चाकं, सायकलच्या स्पोकचे आस, मधोमध दीड फूट उंचीचा पाइप आणि त्याच्या डोक्यावर शिलाई मशीनची रिकामी रीळ. रिळेवरून दोरा जायचा. त्याच्या एका टोकाला अर्ध्या किलोचं लोखंडी माप आणि दुसरं टोक मागच्या आसाला गुंडाळलेलं. माप हळूहळू खाली यायचं, तसा दोरा आस फिरवायचा आणि गाडी पुढे जायची. माप तळाला टेकलं की दोरा सुटायचा आणि उरलेल्या वेगावर गाडी आणखी थोडी घरंगळून थांबायची. सेल नाही, मोटर नाही. जेवढं माप पडलं तेवढीच गाडीची ताकद. जळगावच्या माझ्या घरात ती अकरा फूट जायची. वीस वेळा सोडली तरी अकराच, फार तर बोटभर इकडेतिकडे.

दुसरं काम हौसेचं नव्हतं. सोमवारी मला वडिलांना धुळ्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

नाना, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी पाय घसरून पडले, तेव्हापासून काठीशिवाय चालत नाहीत. पण तक्रार पायाची नव्हती. गेले सात-आठ महिने ते आमच्या अहिराणीत रोज एकच सांगत होते, "मनी बाज सरकस." बाज म्हणजे त्यांची विणलेली खाट. आपण झोपलो की ती सरकते आणि खालून कुणीतरी ओढतं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला दादानं, माझ्या मोठ्या भावानं, बाजेच्या पायांशी खडूच्या खुणा करून पाहिल्या. बाज हलली नव्हती. मग गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं नाना दिवसभर पेंगायला लागले आणि जागे झाले की पुन्हा तेच. शेवटी दादाचा मला फोन आला. तो म्हणाला, तू शिकलेला आहेस, तूच काय ते कर. मी शिकलेला असल्यामुळे धुळ्याची वेळ घेतली.

मी पोचलो त्याच दिवशी वहिनीनं मला चुलीजवळ थांबवून हळूच सांगितलं, "भाऊजी, नाना जेवताना ताट फिरावतस."

"म्हणजे?"

"वरण एक आंगे जास म्हंतस. मंग ताट फिरावतस. परत जास म्हंतस."

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती नवऱ्याला न सांगता. नानांची खोली जुन्या विहिरीवर बांधलेली. शेजारच्या बायका म्हणत होत्या, विहिरीतल्या साती आसरांना, पाण्यातल्या त्या सात देवतांना, डोक्यावर खोली सहन होत नाही. त्या बोलावतात. वहिनीनं खोलीच्या उंबऱ्यावर गुपचूप हळदकुंकू वाहिलं होतं. मी तिला चार शब्द सुनावले. शिक्षकाला ते सुनावण्याची सवय असते आणि समोरचा ऐकूनही घेतो. आता आठवलं की मला माझीच शरम वाटते, कारण त्या घरात त्या विहिरीबद्दल खरं बोलायचा सगळ्यांत जास्त अधिकार माझा होता आणि मी गप्प होतो.

नानांना मी पहिल्याच दुपारी सोमवारचं सांगितलं. ते म्हणाले, "माले धुळाले जानं नही." मग थोड्या वेळानं विचारलं, "पोरी कव्हय येतीन?" दादाच्या दोन्ही मुली जळगावला वसतिगृहात राहून शिकतात, त्या रविवारी यायच्या होत्या. मी तसं सांगितलं. नानांनी विचारलं, त्या झोपतील कुठे. मी म्हणालो, तुम्ही धुळ्याला असाल, मग इथेच झोपतील, कूलर इथेच आहे.  तासाभरानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. संध्याकाळी पुन्हा. मी दादाकडे पाहून मान हलवली, बघ, विसरतात.

गाडी मी त्याच खोलीत सोडायचो, कारण घरात तेवढी लांब आणि गुळगुळीत जमीन दुसरी नव्हती. खोली सोळा फरशांची, फरशी एक फुटाची, म्हणजे मोजायचंही काम नाही. दारापाशी गाडी ठेवायची आणि माप सोडून द्यायचं. समोरच्या कोपऱ्यात नानांची बाज. पहिल्यांदा सोडली तेव्हा ती अकरावी फरशी ओलांडून बारावीवर गेली आणि तेरावीवर थांबली. नाना बाजेवरून बघत होते. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "तेरा."

मला आनंद झाला. वाटलं, फरशी गुळगुळीत आहे, चाकांचं घर्षण कमी पडलं. पुन्हा सोडली, तेराच. मी वहीत लिहून ठेवलं.

गुरुवारी ती साडेतेराव्या फुटाला थांबली.

आता जो माणूस तेवीस वर्षं एकच वाक्य शिकवतो, त्याला अर्धा फूट जास्त सुखानं झोपू देत नाही. माप तेच, उंची तीच, गाडी तीच. फरशी रातोरात आणखी गुळगुळीत कशी होईल? मी आस काढून पुसले, दोरा बदलला, रिळेतलं तेल पुसून टाकलं. तेल काढल्यावर गाडी कमी जायला हवी होती. ती तेवढीच गेली. नाना हसत होते. त्यांच्या मते मी त्यांच्याकडे गाडी धाडत होतो आणि ती त्यांना आवडत होती. ती खरंच दरवेळी त्यांच्याकडेच जायची. सरळ सोडली तरी शेवटच्या दोन फुटांत किंचित वळायची, बाजेच्या पायांकडे.

आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी गावात चिटपाखरू नसतं. काळ्या रानाला हातभर भेगा पडलेल्या, पत्रे तापून तडतडतात, माणसं दारं ओढून आत पडतात. शुक्रवारी दुपारी लाइट गेली होती. कूलर बंद, वारा नाही. मी फरशीवर पोटावर पडून चाकाला डोळा लावला होता, कारण ते कुठे घासतंय का ते मला पाहायचं होतं. खोलीचं दार मी कडी न लावता लोटून घेतलं होतं. ते आपोआप उघडलं. हळूहळू, न करकरता, शेवटपर्यंत उघडलं आणि भिंतीला टेकून राहिलं. बाहेर कुणी नव्हतं. मी उठून लोटलं, परत आडवा झालो, ते परत उघडलं.

"रोज उघडस," नाना म्हणाले. ते जागे होते.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात फरशीला लागलेल्या माझ्या कानात एक आवाज आला. डुबुक. लांबून आणि खोलून. पाण्यात काहीतरी लहानसं पडल्यासारखा. मी श्वास रोखला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, डुबुक.

"आयकं का, मास्तर?" नानांनी विचारलं. ते मला घरात मास्तरच म्हणतात, अर्धं कौतुकानं आणि अर्धं चिडवायला. "खाले कोनीतरी पोहरा सोडी ऱ्हायना."

मला भीती वाटली, हे सरळ लिहून टाकतो. क्षणभर वहिनीच्या साती आसरा मला खऱ्या वाटल्या. मी उठून बसलो. खोलीत एक वास होता, तो मला आल्यापासून येत होता आणि मी तो म्हातारपणाचा वास समजत होतो. गोडसर, कुजका, ओल्या तागासारखा. त्या बाजूला, बाजेखाली, तो जास्त होता. आणि तो मला ओळखीचा होता.

मी गाडी उचलली. खरं तर नववीतला हुशार पोरगा पहिल्याच दिवशी जे करेल ते मी चार दिवस केलं नव्हतं, कारण उलट्या बाजूनं सोडायची तर नानांची बाज आडवी यायची. मी बाजेखाली शिरलो, गाडी भिंतीला टेकवून तोंड दाराकडे केलं आणि माप सोडलं. गाडी निघाली. मला वाटलं होतं त्याहून फार लवकर ती थकली. नवव्या फरशीवर थांबली आणि थांबल्यावर बोटभर मागे आली, माझ्याकडे.

मग दाराकडून सोडली. साडेचौदा.

जाताना साडेचौदा आणि येताना नऊ. हिशोब सोपा होता. माप दोन्ही वेळा तेवढंच पडत होतं. गाडीला जास्तीचं बळ मिळत होतं ते मापाचं नव्हतं. बाजेकडे जाताना माप पडत होतं आणि मापाबरोबर अख्खी गाडीही थोडी थोडी खाली पडत होती. आणि रोज ती कालच्यापेक्षा जास्त जात होती, याचा अर्थ फरशी कालच्यापेक्षा जास्त उतरत होती. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. ती खोली खाली जात होती, नानांच्या बाजेसकट. बाज फरशीवरून सरकली नव्हती म्हणून दादाच्या खुणा जिथल्या तिथे होत्या. खुणा आणि बाज दोन्ही मिळूनच उतरत होत्या.

ताटातलं वरण एका अंगाला जात होतं. दार उघडत होतं. सात-आठ महिने एक माणूस जे होतंय तेच सांगत होता आणि आम्ही त्याला गोळ्या देत होतो.

आता विहिरीचं सांगायला हवं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी परसातली विहीर आटली होती आणि मला स्वतंत्र खोली हवी होती. विहीर बुजवून तिच्यावर खोली काढायची असं ठरलं. नाना त्याच सुमारास नशिराबादला आत्याकडे गेले, तिचे यजमान आजारी होते. जाताना बजावून गेले: खाली दगड, वर मुरूम, थर टाका, पाणी मारा, धुमसानं ठोका, घाई नको, एक पावसाळा बसू द्या. आईनं विहिरीला नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मग काम दादाच्या आणि माझ्या हातात आलं. दगड लांबून आणायचे होते. लग्नाला वेळ कमी होता. आणि आमचा केळीचा बाग नुकताच कापून झाला होता. घड गेल्यावर खांब तोडून बांधावर टाकतात, ते तिथे महिनोन्‌महिने पडून कुजतात आणि कुणालाच नको असतात. आमच्या बांधावर त्यांचा डोंगर झाला होता. मी दादाला म्हणालो, हेच टाकू. दादानं विचारलं, कुजल्यावर खाली बसणार नाही का? मी नुकताच बीएस्सी झालो होतो. मी म्हणालो, कुजून माती होईल, वस्तू नाहीशी होत नसते.

दोन दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं आम्ही विहिरीत केळीचे खांब ओतले. वर तीन फूट मुरूम टाकून तो ठोकून काढला. केळीचा खांब म्हणजे उभं पाणी. सोपटं सोलत गेलात तर आत हाताला काही लागत नाही, हे केळीवाल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला घाई होती. नाना परत आले तेव्हा जमीन सपाट होती. त्यांनी विचारलं, दगड किती लागले? मी सांगितलं, सहा ट्रॉल्या. पुढे मी जळगावला नोकरीला गेलो, ती खोली दादाच्या घरची झाली, आणि ते खोटं मी इतकं विसरलो की बाजेखालून येणारा कुजक्या केळीचा वासही मला ओळखता येईना.

त्याच दुपारी दादाला उठवून आम्ही नानांना बाजेसकट पुढच्या खोलीत आणलं.  उंबरा ओलांडताना नानांनी मागे वळून पाहिलं. शनिवारी सकाळी दादानं पहार आणली. जिथे बाज होती तिथली एक फरशी त्यानं कडेनं उचकटली. फरशीला खाली काहीच चिकटलेलं नव्हतं. मुरमाचा पापुद्रा उरला होता, बाकीचा डुबुक-डुबुक करत खाली गेला होता. त्या पापुद्र्यावर पहार टेकवताच तो फुटला आणि दादाच्या हातातून पहार निसटून उभीच्या उभी आत गेली.

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून आवाजाची वाट पाहत होतो. आधी विहिरीच्या दगडांवर एकदा वाजली. मग काही नाही. मग पाणी, आटलेल्या विहिरीत पुन्हा साचलेलं. त्या भोकातून गार हवा चेहऱ्यावर आली, मे महिन्यात, आणि तिच्यात तोच वास. माझ्या डोक्यानं सवयीनं सेकंद मोजले होते आणि किती खोल ते काढलं होतं. ते मी दादाला सांगितलं नाही. नानांच्या पाठीखाली विणलेली सुतळी, फरशी, बोटभर मुरूम आणि मग एवढं सगळं, इतकंच होतं. दादा मागच्या मागे बसला आणि दोन्ही हातांनी फरशी धरून राहिला.

खोलीला कुलूप लावलं आणि रविवारी सकाळी मी नानांजवळ जाऊन बसलो. धुळ्याची वेळ मी रद्द केली होती, ते त्यांना सांगितलं. गोळ्यांची पाकिटं वहिनीनं उचलून नेली होती. मग मी गाडी घेतली आणि त्या पुढच्या खोलीतच सोडली. जाताना अकरा. येताना अकरा. नानांनी दोन्ही वेळा बोटं मोजली आणि मान डोलावली.

"नाना," मी म्हणालो, "त्या विहिरीत दगड नव्हते. आम्ही केळीचे खांब टाकले होते. मीच सांगितलं होतं टाकायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. गोळी नसल्यामुळे डोळे कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसत होते.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "मी नशिराबादथून उनू तव्हय बांधवर एक बी खांब नव्हता."

एवढंच. ते परत आले तेव्हा बाग कापलेला आणि बांध मोकळा. शेतकऱ्याला त्यापुढे काही विचारावं लागलं नव्हतं. तरी त्यांनी मला दगड किती लागले ते विचारलं होतं, मी सहा ट्रॉल्या म्हणालो होतो, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सांगशी, आशी वाट दखी ऱ्हायंतू."

मला वर बघवेना. मी म्हणालो, "निदान फरशी उतरायला लागली तेव्हा तरी सांगायचं."

"सांगी तर ऱ्हायंतू."

ते खरंच होतं. मनी बाज सरकस, हे ते रोज सांगत होते. मला वाटलं बोलणं संपलं. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. दोन वर्षांपूर्वी पडल्यावर पुढच्या खोलीतच राहा, संडास-मोरी जवळ पडेल, असं आम्ही सगळे म्हणत असताना नानांनी हट्टानं तीच खोली मागून घेतली होती. त्या आधी तिथे दादाच्या मुली झोपायच्या. आजोबांनी नातींना खोलीबाहेर काढलं म्हणून तेव्हा वहिनी चार दिवस धुसफुसत होती. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं खाली काय आहे, मग तिथेच झोपायचा हट्ट कशाला केलात?

नानांनी आधी विचारलं, "पोरी आते कोठे झोपतीन?"

"इथे. तुमच्याजवळ."

मग त्यांनी काठी बाजेला टेकवून ठेवली आणि आपल्या मनगटाकडे पाहिलं. हाडावर नुसती कातडी राहिलेली.

"दार उघडाले लागनं, तव्हय पोरी तठे झोपेत," ते म्हणाले. "कोनीतरी तठे झोपताच. घरमा बठ्ठास्मा हलका मी शे." घरात सगळ्यांत हलके ते, म्हणून.

गाडीवरचं अर्ध्या किलोचं माप मी काढून हातात घेतलं होतं. ते कुठे ठेवावं ते मला कळेना. मी ते तसंच हातात धरून त्यांच्या बाजेजवळ बसून राहिलो, दुपारी मुलींची बस येईपर्यंत.